खुनी आधीच कळला म्हणणाऱ्या वाचकाचं काय करायचं

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातली विनोदी खूनकथा लिहून झालीय, पहिला खर्डा हातात आहे आणि आता तो चार जणांना वाचायला द्यायचाय, अशा नव्या लेखकांसाठी हे लिहितोय. खुनी कोण हे लिहिण्याआधी ठरवायचं, संशयित चार ते सहा ठेवायचे, प्रत्येकाकडे कारणही हवं आणि संधीही, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. ‘पात्रांना मोकळं सोडा, खुनी कोण ते तीच सांगतील’ असा सल्ला लेखन शिबिरांत सर्रास मिळतो. या प्रकारच्या लेखनात तो सल्ला घातक आहे. शेवटचं प्रकरण पक्कं नसेल तर पहिल्या प्रकरणात काय लपवायचं हे कळणार कसं? असा सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकानं स्वतः एक तरी रहस्यकथा शेवटाला नेली आहे का, ते आधी पाहून घ्या.

आता वाचक. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथं अंगठे मिळतात, मत मिळत नाही. पंचेचाळीस हजार शब्दांचा खर्डा ए-फोर कागदावर चौदा पॉइंटात साधारण दीडशे पानं होतो. त्याच्या प्रती काढा आणि सगळ्यांच्या प्रतीत पान क्रमांक सारखेच राहतील हे बघा. सात वाचक पुरेत. दोघं रहस्यकथांचा फडशा पाडणारे, दोघं एरवी फारसं न वाचणारे, एक तुमच्याच तालुक्यातला शेती आणि लाईट दोन्ही जाणणारा, एक निवृत्त पोलीस जमादार किंवा फौजदारी वकील, आणि एक मराठवाड्यातल्याच पण दुसऱ्या जिल्ह्यातला. घरच्यांना देऊ नका. लेखक मित्रालाही शक्यतो नको, तो तुमच्या कादंबरीत त्याची कादंबरी शोधतो.

खर्ड्याचे चार गठ्ठे करा. एक गठ्ठा वाचून झाला की चिठ्ठी लिहून घ्यायची, मगच पुढचा द्यायचा. चिठ्ठीत तीनच गोष्टी हव्यात: खुनी कोण वाटतो, कशावरून वाटतो, आणि खात्री दहापैकी किती. ‘काहीच अंदाज नाही’ हेही उत्तर चालतं. वाचताना समासात पेन्सिलीनं खुणा करायला सांगा. हसू आलं तिथं ‘ह’, शंका आली तिथं ‘शं’, कंटाळा आला तिथं ‘कं’. वाचक वाचत असताना समोर बसू नका आणि चिठ्ठ्या हातात येईपर्यंत एका शब्दाचाही खुलासा करू नका.

एवढा खटाटोप एकाच वाक्यासाठी आहे. प्रत्येक नवा लेखक या वाक्यात अडकतो: ‘मला आधीच कळलं होतं.’ हे ऐकलं की पोटात खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी लेखक बसतो आणि धागेदोरे पुसायला लागतो. नेमकं तेच करायचं नसतं. कारण हे वाक्य बोलणारे वाचक तीन प्रकारचे असतात आणि तिघांवरचा इलाज वेगळा आहे.

एक उदाहरण घेऊ. विकास सोसायटीच्या चेअरमनचं प्रेत दिवाळीनंतर विहिरीत सापडतं. खुनी त्याचा पुतण्या. तो सांगतो, त्या रात्री बारा वाजता लाईट आली तेव्हा मी माझ्या शेतात मोटर चालू करायला गेलो होतो. शेजारच्या शेतकऱ्यानं मोटरीचा आवाज ऐकलाय, सकाळी हरभऱ्याला पाणी दिलेलं दिसलंय. खोट इतकीच की मोटरीला ऑटो आहे. लाईट आली की ती आपोआप चालू होते, तिथं माणूस लागत नाही. हा धागा अडतिसाव्या पानावर आत्याच्या तोंडी आहे. ती पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलीय आणि मुलीच्या बापाला सांगते, ‘धा एकर बागायत हाय, बुलेट हाय, मोटरीला ऑटो हाय, आन् डोक्यावर केस बी हायेत.’ हसू केसांवर येतं, ऑटो त्याच्या मागं झाकला जातो. विनोदी रहस्यकथेत धागा लपवायची हीच जागा: यादीतली शेवटून दुसरी वस्तू आणि लगेच हशा.

आता तीन वाचक म्हणाले, आधीच कळलं होतं. त्यांच्या चिठ्ठ्या काढा.

पहिल्यानं पहिल्याच गठ्ठ्यानंतर पुतण्याचं नाव लिहिलंय, खात्री आठ. कशावरून? ‘लई गोड बोलतो आणि कथेत त्याला दुसरं काही काम नाही.’ या वाचकानं ऑटो पाहिलेलाच नाही. त्यानं पात्रांची मांडणी पाहिली. ज्याला कथेत काहीच काम नाही आणि तरी जो वारंवार दिसतो, तोच खुनी, हा साधा हिशोब आहे. इथं धाग्याला हात लावू नका. पुतण्याला काम द्या: मयताच्या घरची धावपळ, सोसायटीच्या निवडणुकीतलं पॅनल, काहीही, जेणेकरून त्याच्या दिसण्याला खुनाखेरीज दुसरं कारण राहील. आणि तितकंच गोड बोलणारा आणखी एक जण उभा करा.

दुसऱ्यानं तिसऱ्या गठ्ठ्यानंतर लिहिलंय, ‘मोटरीला ऑटो आहे ना, मग हा शेतात कशाला गेला?’ हा तुमचा सगळ्यात चांगला वाचक. सातात एकानं किंवा दोघांनी तिसऱ्या गठ्ठ्यानंतर धाग्यावरून खुनी पकडला, तर कादंबरी प्रामाणिक आहे. तिघांनी किंवा जास्त जणांनी दुसऱ्याच गठ्ठ्यानंतर पकडला, तरच धागा अजून खोल पुरायचा. तेव्हाही तो काढायचा नाही, जागा बदलायची.

तिसऱ्याच्या चारही चिठ्ठ्यांवर कृषी सेवा केंद्राच्या मालकाचं नाव आहे. शेवट वाचल्यावर मात्र तो ठामपणे सांगतो, मला पुतण्याच वाटत होता. तो खोटं बोलत नाही. शेवट कळला की मागचं सगळं त्या शेवटाला जुळवून आठवतं, माणसाची स्मृती तशीच चालते. या मतावर काहीच करायचं नाही. शेवट त्याला इतका पटला की आपण तो आधीच ओळखला होता असं त्याला वाटतंय. याहून चांगली पावती कोणती?

चिठ्ठ्या नसतील तर ही तिन्ही मतं हुबेहूब सारखी ऐकू येतात. मग लेखक आत्याचं वाक्य उडवतो. पुढच्या फेरीत नवे वाचक म्हणतात, शेवट ओढून आणलाय. लेखक घाबरून ऑटोचा तीन ठिकाणी उल्लेख करतो, आणि तिसऱ्या फेरीत सगळ्यांनाच सगळं कळतं. या चकरेत चांगले खर्डे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतात. तोंडी मत ऐका, मान डोलवा, आणि दुरुस्ती मात्र चिठ्ठीवरूनच करा.

याची उलट बाजूही असते. अडतिसाव्या पानावर सातही जणांनी ‘ह’ लिहिलाय आणि शेवटाला पाच जण विचारतात, ‘ऑटो कुठं आला होता?’ हशा इतका मोठा झाला की धागा गिळला गेला. अशा वेळी विनोद बारीक करू नका. पन्नासेक पानांनंतर तीच गोष्ट सरळ, न हसवता, दुसऱ्याच कारणानं येऊ द्या. इथं लाईनमन आपोआप मिळतो. लाईट आली की सगळ्यांचे ऑटो एकदम मोटरी उचलतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते, ही त्याची खरीखुरी तक्रार असते. ऑटो काढा असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत आलंय. लाईनमन गावाच्या नावानं चिडतो, पुतण्याचं नावही घेत नाही, आणि धागा दुसऱ्यांदा वाचकाच्या डोळ्यांपुढून जातो. दोनदा पुरे, तिसरा उल्लेख नको.

तपशिलाबद्दलच्या मतांना मात्र वाद न घालता मान तुकवा. बऱ्याच गावांत शेतीच्या थ्री-फेज लाईटचं वेळापत्रक दिवसा-रात्री फिरतं. तालुक्यातला वाचक म्हणाला की शनिवारी रात्री बाराची लाईट आणि लगेच रविवारी रात्री दहाची असं होत नाही, तर त्याचं ऐका. वीज उपकेंद्रातल्या नोंदींवरून लाईट नेमकी कधी आली हे कळतं, आणि तुमच्या तपास अधिकाऱ्यालाही ते सुचायला हवं. विहिरीचं तर फार जपा. लातूर, बीड, धाराशिवच्या बऱ्याच भागांत मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या मातीतल्या कादंबरीत मेमध्ये विहिरीत प्रेत तरंगलं तर पहिल्याच पानावर ‘शं’ येणार. उन्हाळाच हवा असेल तर शेततळं घ्या. प्लास्टिकचं अस्तर निसरडं असतं, पोहणाराही काठावर चढू शकत नाही. आणि प्रेत लगेच वर येत नाही. उन्हाळ्यात साधारण एक दिवस लागतो, थंडीत दोन-तीन दिवस.

फवारणीच्या औषधाचा चहा हा आणखी एक लाडका घोळ. अशा बहुतेक औषधांना उग्र वास असतो, माणूस घोटभर पिऊन फेकून देईल. ते वापरायचंच असेल तर वास का आला नाही याचं कारण कथेत हवं. एक गोष्ट मात्र कामाची आहे. तोंडाला फेस बुडाल्यानंही येतो आणि ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या फवारणीच्या विषानंही. या विषात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरच्या एका ओळीतून इथं अख्खी कथा वळू शकते. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढून ठेवलेले अवयवांचे नमुने) नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत जातो आणि त्याचा अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. तो दुसऱ्या दिवशी टेबलावर आणू नका.

कायद्याची कलमं घटनेच्या तारखेवरून ठरवा. १ जुलै २०२४ पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, त्याआधीच्या घटनेला भादंविचं ३०२. विहिरीतल्या प्रेताची आधी अकस्मात मृत्यू म्हणूनच नोंद होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली. शवविच्छेदनानंतर खुनाचा गुन्हा दाखल होतो. या दोन नोंदींच्या मधल्या काळात गाव आपापला निकाल लावून मोकळं होतं, आणि तालुक्याच्या कादंबरीतला सगळ्यात कसदार विनोद इथंच असतो. नवे लेखक एका वाक्यात हा काळ उडवून पुढं जातात, याचं वाईट वाटतं.

‘ह’च्या खुणा नुसत्या मोजू नका, कुणावर हसले ते बघा. चेअरमनकीच्या हावेवर, बॅनरवरच्या फोटोवर, पंच म्हणून सही करायला लागू नये म्हणून पळणाऱ्यांवर हसले असतील तर उत्तम. मयताच्या बायकोच्या रडण्यावर, कुणाच्या जातीवर, कुणाच्या व्यंगावर हसू येत असेल तर ती ओळ काढा, वाचक कितीही खूश असले तरी. बोलीचंही तसंच. नांदेडकडे ‘काय करायलास’, लातूरकडे ‘काय करूलालास’. दोन्ही एकाच पात्राच्या तोंडी आलं की दुसऱ्या जिल्ह्यातला वाचक लगेच पकडतो. जमादार, सरपंच, मास्तर, आत्या सगळे एकसारखं बोलत असतील आणि फक्त बोली आहे म्हणून हसू यावं अशी अपेक्षा असेल, तर तुमच्याकडे विनोद नाही. हे कडू आहे पण आधी कळलेलं बरं.

‘कं’ बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गठ्ठ्यात येतो, ओळीनं लावलेल्या जबाबांच्या प्रकरणांत. घाबरू नका, सगळ्यांचं तिथंच अडतं आणि ते सुटतंही. जबाब सुटे ठेवू नका. चेअरमनच्या दहाव्याला सगळे संशयित आपणहून एका ठिकाणी येतात. पंगतीत कोण कुणाशेजारी बसायचं टाळतंय, कावळा शिवत नाही म्हणून कोण अस्वस्थ होतंय, यातून चार जबाबांचं काम एका प्रकरणात होतं.

सात जणांची मतं एकमेकांच्या विरुद्ध येतील. एकाला मास्तर आवडेल, दुसऱ्याला तो नकोसा होईल. त्यानं खचू नका. एकाच पानावर तिघांची खूण असेल तर पान दुरुस्त करा, एकाचीच असेल तर महिनाभर राहू द्या. पैसे घेऊन अभिप्राय लिहून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैसे घेणाऱ्याच्या अभिप्रायावरून पान कुठं फसलंय ते कळत नाही.

दुरुस्तीनंतर दुसरी फेरी लागतेच, आणि त्या फेरीला जुने वाचक उपयोगाचे नाहीत, कारण त्यांना खुनी माहीत आहे. म्हणून ओळखीतले सगळे चांगले वाचक पहिल्याच फेरीत वापरून टाकू नका. रहस्यकथा पचवलेले दोघं आणि शेतीतला एक जण बाजूला ठेवा. पहिल्या फेरीतल्यांना एकच विनंती करा, शेवट कुणाला सांगू नका. तालुक्याच्या गावात ती पाळली जाईलच असं नाही, तेव्हा हे राखीव वाचक शक्यतो शेजारच्या तालुक्यातले निवडा.