बडोद्यात सायन्समध्ये पीएचडी करताय? या चुका टाळा, वर्षं वाचतील

चार वर्षांची पीएचडी सहा-साडेसहा वर्षांवर जाते तेव्हा लोक म्हणतात टॉपिक अवघड होता, गाईड कडक होते, नशीब नव्हतं. पण जवळून बघितलं ना, तर बहुतेक वेळ दोन गोष्टींत गेलेला असतो. केलेलं लिहून ठेवलेलं नसतं, आणि अडलेलं विचारायला सहा-सहा महिने लावलेले असतात. बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत सायन्स फॅकल्टीला आपली मराठी मुलं बरीच असतात, काही दांडिया बाजार रावपुऱ्यातली घरची, काही धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेली, फतेगंजला रूम करून राहणारी. हे त्यांच्यासाठी लिहितेय, पण इंदूर-पुण्याच्या मुलांनाही लागू पडेल.

पहिली चूक लॅब नोटबुकची. "डोक्यात आहे, रात्री लिहीन" असं म्हणायचं आणि रात्री थकून झोपायचं. मग ट्यूबवर लिहिलेलं असतं ए, बी, सी आणि एकीवर "ए नवीन", आणि चार महिन्यांनी फ्रीजर उघडला की "ए नवीन" म्हणजे नक्की काय ते लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. बर्फाच्या दंवाने मार्करही पुसला जातो, इथेनॉल सांडलं तर पूर्णच जातो. ट्यूबच्या झाकणावर एक छोटा नंबर टाकायचा, अंगावर तारीख आणि स्वतःची इनिशियल्स, आणि त्या नंबरपुढे नोटबुकात सगळी कुंडली लिहायची: काय आहे, किती कॉन्सन्ट्रेशन, कुठल्या बॉक्सच्या कुठल्या खणात. केमिकलचा लॉट नंबरही लिहा, कंटाळा येतो माहितीये, पण नवीन बाटली उघडल्यापासून रिझल्ट बिघडलेत हे कळायला दुसरा मार्गच नाही. आणि फसलेला एक्सपेरिमेंट तर जास्त डिटेलमध्ये लिहायचा, पानं फाडायची नाहीत, खाडाखोड करायची तर एक रेघ मारून बाजूला तारीख टाकायची.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट, ज्यावर कुणी फारसं बोलत नाही. पेपरमध्ये, किटच्या कागदावर, सगळीकडे लिहिलेलं असतं "रूम टेंपरेचरला ठेवा". ते लिहिणाऱ्याची रूम २० ते २५ डिग्रीची असते. बडोद्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं आणि एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी ३५ च्या वर सहज जातं. मग डिसेंबरमध्ये छान चाललेला प्रोटोकॉल मेमध्ये चालेना झाला की मुलं एन्झाइमला दोष देतात, सिनिअरने दिलेल्या स्टॉकला दोष देतात, महिनाभर नवीन नवीन ऑर्डरी करत बसतात. ट्रिस बफरचंच घ्या (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं सोल्यूशन), त्याचा पीएच दर डिग्रीमागे साधारण ०.०३ ने उतरतो, म्हणजे २५ डिग्रीला ८.० सेट केलेला बफर ३५ ला ७.७ च्या आसपास आणि कोल्ड रूममध्ये ४ डिग्रीला ८.६ होतो. ॲक्रिलामाइडचं जेल उन्हाळ्यात ओतायच्या आधीच बीकरमध्ये घट्ट व्हायला लागतं, तर सोल्यूशन आधी बर्फावर गार करून घ्या, एपीएस (जेल घट्ट करायला घालतात ते केमिकल) थोडं कमी करा, आणि जमलं तर सकाळी लवकर ओता. केमिस्ट्रीवाल्यांनी तर फारच सांभाळायचं, डायइथाइल ईथर ३४.६ डिग्रीला उकळतं आणि डायक्लोरोमिथेन ४० च्या जरासं आत. म्हणजे दुपारी ईथरची गच्च बंद बाटली उघड्या बेंचवर ठेवणं हे सरळ धोक्याचं आहे. उपाय स्वस्तातला आहे, साधा थर्मामीटर बेंचवर ठेवा आणि रोज नोटबुकात तारखेच्या बाजूला टेंपरेचर लिहा. अर्ध्या "गूढ" प्रॉब्लेमचं उत्तर त्या एका आकड्यात मिळतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळी आहे, एक्सपेरिमेंट फसला की एकदम पाच गोष्टी बदलणं. पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर कॉपी करण्याच्या पद्धतीचं, उदाहरण घेऊ कारण ते बायोवाल्या प्रत्येकाला करावं लागतं. जेलवर बँड आला नाही. घाबरून दुसऱ्या दिवशी प्रायमर (कॉपी कुठून सुरू करायची ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) नवा, टेम्प्लेट (ज्याची कॉपी करायची तो डीएनए) नवं, ॲनीलिंग टेंपरेचर (प्रायमर चिकटायचं) बदललं, टॅक एन्झाइम दुसऱ्या लॅबमधून मागून आणलं. आणि समजा बँड आला, तर कशामुळे आला? काहीच कळलं नाही, पुढच्या आठवड्यात परत गेला तर परत अंधार. त्यापेक्षा शांतपणे जेलकडे बघायचं. लॅडर (माहीत असलेल्या मापांचे डीएनए तुकडे) दिसतोय का? लॅडरच दिसत नसेल तर पीसीआरचा विषयच नाही, जेल किंवा स्टेनिंग बघा. लॅडर आहे पण पॉझिटिव्ह कंट्रोल (बँड यायलाच हवा असं सॅम्पल) नाही, तर रिएजंट बघा, त्यातही डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) आधी, कारण परत परत वितळवून गोठवलं की ते खराब होतात, म्हणून नवीन व्हायल आली की त्याच दिवशी छोटे छोटे ॲलिक्वॉट (वेगवेगळ्या ट्यूबमध्ये वाटे) करायचे. पॉझिटिव्ह कंट्रोल झकास आहे आणि तुमचं सॅम्पलच येत नाही, तर टेम्प्लेटची क्वालिटी आणि प्रायमर, मग ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी टेंपरेचर) लावायचा, टीएमच्या (प्रायमर सुटतो त्या टेंपरेचरच्या) पाचेक डिग्री खालून सुरुवात करून वर. आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (ज्यात डीएनए घातलेलाच नाही) बँड दिसला तर आधी पाणी बदला, बहुतेक वेळा कुणीतरी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटलीत वापरलेली टिप घातलेली असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कंट्रोल नसलेलं जेल चालवूच नका, दोन वेल वाचवायला गेलात तर दोन दिवस जातात.

केमिस्ट्रीत हेच असं होतं: रिॲक्शन होत नाही म्हणून सॉल्व्हेंट, बेस, टेंपरेचर सगळं एकदम बदलतात. आधी लिटरेचरमधल्या मूळ सब्स्ट्रेटवर (ज्यावर रिॲक्शन करायची त्या पदार्थावर) तीच रिॲक्शन करून बघा, ती तुमच्या हातून झाली तर तुमची सेटिंग बरोबर आहे, नाही झाली तर सॉल्व्हेंटमधला ओलावा बघा, आणि पावसाळा असेल तर तोच आधी.

तीन रीडिंग म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर तीन, हा एक मोठा गैरसमज. एकाच प्लेटच्या तीन वेलमध्ये एकाच फ्लास्कमधल्या सेल्स टाकून तीन आकडे आले, तर त्यातून तुमची पिपेटिंग किती सारखी आहे एवढंच कळतं. तो टेक्निकल रेप्लिकेट झाला. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (वेगळ्या वेळी नव्याने वाढवलेल्या) सेल्स, किंवा वेगवेगळे उंदीर, वेगवेगळ्या रोपांची पानं, असं तीन वेळा केलं तेव्हा एन तीन. हे व्हायव्हाला एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) पहिल्यांदा पकडतात आणि तोपर्यंत तीन वर्षांचा डेटा जमलेला असतो. म्हणून स्टॅटिस्टिक्स डेटा आल्यावर नाही, एक्सपेरिमेंट डिझाइन करतानाच विचारायचं. आपल्या नशिबाने स्टॅटिस्टिक्सचं डिपार्टमेंट त्याच फॅकल्टीत आहे, पायी जाता येतं. वीस जीन तपासून एकाची पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली म्हणून आनंदाने उड्या मारू नका, वीस वेळा बघितलं तर एखादी नुसती योगायोगाने तशी यायची शक्यता बरीच असते. मल्टिपल टेस्टिंगचं करेक्शन काय असतं ते समजून घ्या.

"हा आपला विषय नाही" म्हणून दार बंद करणं ही तर अगदी मनाला लागते अशी चूक. वेंकी रामकृष्णन १९७१ मध्ये ह्याच युनिव्हर्सिटीतून फिजिक्सचे बीएससी झाले, १९७६ मध्ये अमेरिकेत ओहायो युनिव्हर्सिटीतून फिजिक्समध्येच पीएचडी घेतली आणि त्यानंतर सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी म्हणून बायोलॉजी शिकायला बसले. २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल रायबोझोमच्या कामासाठी मिळालं. पीएचडी झालेला माणूस परत पहिल्या बाकावर बसतो, आणि आपण शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन "मला हे शिकवाल का" विचारायला लाजतो.

मशीन नाही म्हणून काम अडलंय, हेही तसंच. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली इक्विपमेंट कुठे आहेत ते दिसतं आणि बुकिंगची रिक्वेस्ट टाकता येते. मटेरियल सायन्स किंवा फिजिक्सवाल्यांना इंदूर जवळच आहे, तिथे यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे, जे मुळात युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी मोठ्या मशीन वापराव्या म्हणूनच काढलंय, आणि आरआर कॅट या संशोधन संस्थेत इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र एक्स-रे देणारं मोठं मशीन) आहे, २.५ जीईव्ही ऊर्जेचं. प्रपोजल लिहून पाठवावं लागतं, वेळ लागतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच पाठवा. शेवटच्या वर्षी आठवलं तर बीमटाइमची (त्या मशीनवर मिळणाऱ्या वेळेची) वाट बघण्यातच सहा महिने जातात.

डेटाबद्दल लवकर सांगते. एक्सेल जीनची नावं तारखा करून टाकतं, मार्च१ नावाच्या जीनचं १ मार्च. हा त्रास एवढा वाढला की २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या कमिटीने नावंच बदलली. कॉलम आधी टेक्स्ट करा मगच पेस्ट करा. मशीनमधून निघालेली रॉ फाइल कधीही एडिट करायची नाही, कॉपीवर काम करायचं. आणि तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक शहराबाहेर, म्हणजे क्लाउडवर. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, कित्येक एरियात लाईट नव्हती, ते विसरू नका. ग्राउंड फ्लोअरच्या रूमवर टेबलाखालच्या खणात हार्ड डिस्क ठेवू नका. महत्त्वाचे सॅम्पल दोन वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये वाटून ठेवा, आणि लाईट गेली तर मायनस ८० डिग्रीच्या फ्रीजरचं दार "बघू तरी गार आहे का" म्हणून उघडायचं नाही, बंद राहिला तरच तो तासन्‌तास थंडी धरून ठेवतो. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या आधी सेल्स फ्रीज करून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. गरबा बुडवायला कुणी सांगत नाहीये, पण रोज रात्री दोनला येऊन सकाळी मीडिया बदलण्याचे बेत टिकत नाहीत.

सेफ्टीत एकच सांगते, कारण हे रोज दिसतं. वेस्टच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोनसारखं ऑरगॅनिक सॉल्व्हेंट एकत्र ओतू नका, बाटली फुटते, माणसं भाजतात. आणि इथिडियम (जेलमधला डीएनए दिसावा म्हणून वापरतात तो घातक रंग) लागलेले ग्लोव्ह्ज घालून मोबाइल, दाराची कडी, लिफ्टचं बटण काहीही धरायचं नाही.

आता विचारण्याबद्दल, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. मराठी किंवा गुजराती मीडियममधून आलेली मुलं मीटिंगला गप्प बसतात, कारण इंग्लिशमध्ये वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग सर विचारतात कसं चाललंय, आपण म्हणतो "चालू आहे सर". या तीन शब्दांनी जितकी सेमिस्टर खाल्ली असतील तितकी कुठल्या मशीनने खाल्ली नसतील. एक पानाचा कागद करून न्या: मागच्या वेळी काय ठरलं, काय केलं, काय फसलं, मला वाटतं काय झालं असेल, आणि पुढे हे दोन पर्याय, कुठला घेऊ. हिंदीत बोला, मोडक्या इंग्लिशमध्ये बोला, चालतं. मीटिंग झाल्यावर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका, "मॅडम, आज असं ठरलं", म्हणजे नंतर कुणाचाच गोंधळ होत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीसमोर प्रोग्रेस मांडायचा असतो, तो उरकून टाकायचा कार्यक्रम समजू नका, गाईडशी जे जमत नाहीये ते तिथे शांतपणे मांडता येतं. आणि लॅबमधल्या काकांशी नीट बोला, ऑटोक्लेव्हचं गॅस्केट कधी बदललं आणि जुनी बाटली कुठल्या कपाटात आहे हे त्यांनाच माहीत असतं.

पैशाचं. नेट-जेआरएफला (ज्युनिअर फेलोशिप) २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (सिनिअर फेलोशिप) ४२,००० आहेत, गुजरात सरकारच्या शोध स्कीममध्ये महिन्याला १५,००० आणि वर्षाला वरखर्चाचे २०,००० मिळतात. पण ते पगारासारखे एक तारखेला येतीलच असं धरून रूमचं भाडं ठरवू नका, मध्ये मध्ये महिने अडकतात आणि मग एकदम येतात. जॉइनिंग, हजेरी, बिलं, सगळ्याची फाइल स्वतःकडे ठेवा.

पेपरची घाई पण नडते. २०२२ च्या यूजीसी नियमांत थिसिस सबमिट करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी सक्ती राहिलेली नाही, तुमच्या युनिव्हर्सिटीचा ऑर्डिनन्स मात्र वाचून घ्या. यूजीसी-केअर लिस्टही (मान्य जर्नलची यादी) २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा "केअर लिस्टेड आहे, चार दिवसात छापतो, एवढे पैसे भरा" असे मेल आले की सरळ डिलीट. तुमच्या विषयातले चांगले लोक जिथे छापतात ती जर्नल बघा, एवढी कसोटी पुरते. थिसिसमध्ये सिमिलॅरिटी (दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग) १० टक्क्यांच्या आत लागते, ४० पर्यंत गेली तर सुधारून परत द्यावी लागते, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच जातं, शिवाय थिसिस शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जातो, सगळे बघू शकतात. पहिल्या वर्षापासून झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये रेफरन्स टाकत जा, फुकट आहे. मेथड्सचा चॅप्टर एक्सपेरिमेंट चालू असतानाच लिहा.

शेवटचं मुलींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण. लग्न ठरलं, बाळ झालं की "आता कुठे होणार" म्हणून चौथ्या वर्षी पीएचडी सोडून देणाऱ्या हुशार मुली बघितल्या की फार वाईट वाटतं. नियमात ६ वर्षांची मुदत आहे, त्यावर री-रजिस्ट्रेशनने २ वर्षं वाढतात, आणि बायकांना त्याच्याही पुढे आणखी २ वर्षं देता येतात. मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह २४० दिवसांपर्यंत मिळू शकते. कॅन्सलेशनचा फॉर्म भरायच्या आधी गाईडना भेटा, पीएचडी सेक्शनला जाऊन लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेऊनच बाहेर पडा.