उतारावर ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये सोडता? या चुका टाळा

घाटाचा उतार सुरू झाला की अनेक चालकांचा हात नकळत लिव्हरकडे जातो आणि गाडी ‘डी’वरून (ड्राइव्ह) ‘एन’वर (न्यूट्रल) येते. इंजिनचा आवाज खाली बसतो, गाडी हलकी झाल्यासारखी वाटते आणि पेट्रोल वाचत असल्याचे समाधान मिळते. ही सवय बहुतेकांना कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने इंधन घेणाऱ्या जुन्या गाड्या चालवलेल्या वडीलधाऱ्यांकडून मिळालेली असते, आणि त्या काळी तिला काही आधारही होता. आजच्या गाड्यांत तो आधार उरलेला नाही. इंजिन चाकांना मागे ओढून धरते, म्हणजेच एका स्वतंत्र ब्रेकचे काम करते, आणि न्यूट्रल टाकताना तो ब्रेक आपण स्वतःच्या हाताने काढून घेतो. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

न्यूट्रलमध्ये इंधन वाचते असे मानणे

कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंजिन फिरत असेपर्यंत हवेच्या ओढीबरोबर इंधन आत जातच राही. त्यामुळे उतारावर इंजिन मंद ठेवले, तर थोडी बचत होई. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, जिथे संगणकाच्या हुकमावर इंजेक्टर इंधन फवारतात, हे गणित उलटते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनचे फेरे पुरेसे असले, तर संगणक इंजेक्टर बंद करतो. इंजिन फिरत राहते, पण त्याला फिरवण्याचे काम चाके करतात आणि इंधन जवळजवळ शून्य लागते. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांशी संबंध तुटल्यामुळे इंजिनला स्वतःच्या बळावर सुरू राहावे लागते आणि त्यासाठी इंधन जाळावेच लागते.

ज्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचे मायलेज दिसते, तिथे ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते; मात्र आकडा शेजारी बसलेल्याने पाहावा, चालकाने नव्हे. गिअरमध्ये पाय सोडून उतरताना आकडा मीटरच्या टोकाला, बहुतेक वेळा 99.9 वर, जाऊन थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन ताशी 0.8 लिटर इंधन घेत असेल, तर ताशी 60 किलोमीटर वेगाला तोच आकडा 75 च्या आसपास येईल. तोही मोठा असल्यामुळे बचत झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात दहा किलोमीटरच्या उतारावर अंदाजे 130 मिलिलिटर इंधन विनाकारण जळालेले असते.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. उतार इतका सौम्य असेल की गिअरमध्ये पाय काढताच गाडी मंदावते, तर न्यूट्रलमध्ये ती अधिक दूर जाते. परंतु तेवढ्यासाठी गाडीवरील ताबा सैल करणे माझ्या मते योग्य नाही. अशा ठिकाणी ‘डी’मध्येच ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श पुरतो.

सगळा भार ब्रेकवर टाकणे

1200 किलोची गाडी 500 मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. 2000 वॉटचा हीटर जवळपास 50 मिनिटे चालू ठेवला, तर एवढी उष्णता निर्माण होईल. त्यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण घेते. गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेते, कारण उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था त्याच्याकडे मुळातच असते. न्यूट्रलमध्ये तो वाटाही चार चाकांच्या पॅड आणि डिस्कवर येतो.

पॅड मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड घटते. पाय तेवढ्याच जोराने दाबूनही गाडी थांबायला वेळ लागतो. त्याहून गंभीर बाब ब्रेक ऑइलची आहे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते आणि त्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलसाठी तो किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा 140 अंश आहे. ऑइल उकळून नळ्यांत वाफ झाली की पेडल दाबल्यावर द्रवाऐवजी वाफच दाबली जाते आणि पाय थेट तळाला टेकतो. म्हणूनच ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलणे हा घाटातल्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

‘डी’मध्ये ठेवले म्हणजे काम झाले असे समजणे

पाय काढल्यावर पुष्कळशा ऑटोमॅटिक गाड्या स्वतःहून वरचा गिअर टाकतात, इंजिनचा रोध नाममात्र उरतो आणि चालक पुन्हा ब्रेकवर पाय ठेवून बसतो. तीव्र उतारासाठी ‘एल’ किंवा ‘2’ हे खालचे गिअर किंवा मॅन्युअल मोड दिलेला असतो. तो उतार सुरू होण्याआधी, वेग आटोक्यात असतानाच निवडावा. गिअर खाली येताच इंजिन गरजते आणि इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा 3500 किंवा 4000 वर जातो. यामुळे पुष्कळ जण घाबरून पुन्हा ‘डी’ टाकतात. काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर इंजिनला त्यातून अपाय होत नाही. तरीही वेग वाढत राहिला, तर ब्रेक सतत घासत ठेवू नये; ठामपणे दाबून वेग पुरेसा उतरवावा, मग पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळेत डिस्क निवतात.

धावत्या गाडीत ‘एन’ आणि ‘डी’ बदलत राहणे

न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 800 फेऱ्यांवर असते आणि गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग वेगाने फिरत असतो. अशा वेळी ‘डी’ टाकला की हा फरक आतल्या क्लच प्लेट्स घासून भरून काढतात, आणि दर वळणाला हेच झाले तर त्यांचे आयुष्य कमी होते. घाईत लिव्हरचे बटण दाबले गेले, तर तो ‘एन’च्या पुढे ‘आर’कडे (रिव्हर्स) सरकण्याचा धोकाही आहे; अनेक नव्या गाड्या धावताना ‘आर’ लागू देत नाहीत, पण त्या भरवशावर राहू नये.

इंजिनच बंद करणे ही तर सर्वांत घातक चूक होय. पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. तो थांबल्यावर फिरते भाग वंगणाविना राहतात. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते.

काही गाड्यांत कंपनीनेच ‘कोस्टिंग’ची सोय दिलेली असते, तिथे ब्रेकला स्पर्श होताच संगणक गिअर पुन्हा जोडतो, त्यामुळे त्या सोयीची तुलना हाताने ‘एन’ टाकण्याशी करू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत न्यूट्रल टाकले की बॅटरीत परत जाणारी वीजही थांबते.

उतरताना त्रास सुरू झालाच तर

जळका, उग्र वास येऊ लागणे किंवा पेडल मऊ लागणे ही ब्रेक तापल्याची खूण आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर ॲक्सिलरेटर न दाबता ‘डी’ टाकावा आणि एकेक पायरीने खालचा गिअर घ्यावा. पेडल तळाला जात असेल तर ते भराभर अनेकदा दाबावे, म्हणजे थोडा दाब परत येण्याची शक्यता असते. हँडब्रेक झटक्याने न ओढता, बटण दाबून धरून हळूहळू चढवावा. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यास आणीबाणीत तो कसा वापरायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावे.

सुरक्षित जागा मिळाल्यावर गाडी थांबवून ‘पी’ (पार्क) टाकावा आणि चाकाला दगड लावावा, म्हणजे तापलेल्या पॅडवर हँडब्रेक आवळून ठेवावा लागत नाही. लाल झालेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकू शकते किंवा तडकू शकते. चाके पूर्ण निवल्यावर पेडल दाबून पाहावे; ते अजूनही मऊ लागत असेल, तर गाडी तिथून पुढे चालवत न नेता मेकॅनिकला तिथेच बोलवावे.