वई आडवी झाल्यावर: पुन्हा उभी करण्याआधीची तयारी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि आमच्या दापोली तालुक्यातली आगरंच्या आगरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, झोपवून गेलं. वारा उतरल्यावर मागच्या दाराने बाहेर आलो, तर न्हाणीपासून विहिरीपर्यंतच्या चाळीस फुटांच्या वईत, म्हणजे परसाच्या कुंपणात, काही म्हणजे काही उभं नव्हतं. समुद्राकडे जाणारी पाखाडी आमच्या परसाला लागूनच आहे. दोरीवरची धुणी, विहिरीवर हातपाय धुणारी घरची माणसं, सगळं त्या वाटेवरून उघडं. आडोशाला लावलेले पत्रे शेजारच्या आगरात पडले होते आणि त्यातला एक माडाच्या बुंध्याला फडकं गुंडाळावं तसा गुंडाळला गेला होता. घाईघाईत तशीच पत्र्याची वई पुन्हा उभी केली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते नुसतं किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे गेलं, तरी ती परत आडवी झाली. ही यादी त्या दुसऱ्या वेळी शिकलेली आहे.

पहिल्या दिवशी काही उचलायचं नाही. आधी नुसतं फिरून बघायचं, तेही लांबून. पडलेल्या झावळ्यांच्या खाली विजेची तार असू शकते, आणि तार पत्र्याला किंवा काटेरी तारेला टेकलेली असेल तर दहा हातांवरचा खांबही झटका देतो. महावितरणचा १९१२ हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. वादळानंतर फोन लागेलच असं नाही, तेव्हा वायरमनकडे माणूस पाठवायची तयारी हवी. लाईन बंद आहे असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पत्र्याला हात नाही.

मग फोटो. घराचे, झाडांचे, वईचे, चारही बाजूंनी. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत पडझड जागेवर राहिली तर उत्तम, पण पावसाच्या तोंडावर ते नेहमी जमत नाही. कुंपणाचे वेगळे पैसे हातात येतील या भरवशावर राहू नका. पोफळी (सुपारीची झाडं) आणि माड किती पडले ते मात्र बुंधे मोजून कागदावर लिहा. आठवणीतून सांगितलेला आकडा दोन-चारने चुकतोच.

फोटोंनंतरचं काम कोकणात सगळ्यात नाजूक. जुने खांब उपटण्याआधी त्यांच्या जागी खुंट्या मारा, सुतळी ताणा आणि शेजाऱ्याला बोलवा. एकदा खड्डे बुजले आणि पावसाने जमीन सारखी झाली की वई नक्की कुठून जात होती हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि वीतभर जागेसाठी तीन पिढ्या कोर्टात गेलेली घरं प्रत्येक गावात आहेत. मी आमच्या शेजारच्या अण्णांना हाक मारली, "अण्णा, खुंट्या मारतोय, जरा येऊन उभे राहा." ते पडवीतूनच म्हणाले, "मार रे, पण रातांब्याचा बुंधा माझ्याकडे धर." तो धरला आणि दहा मिनिटांत विषय मिटला. वाद आधीपासूनचा असेल तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी होईपर्यंत तात्पुरता आडोसाच बरा, पक्के खांब नकोत.

अंगावर काय घालायचं तेही आधीच काढून ठेवा. गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ढासळलेल्या गडग्याच्या (दगडी बांधाच्या) चिऱ्यांत आणि पडलेल्या पत्र्याखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, बसलेलं असतं. ते इतकं लहान आणि मातीच्या रंगाचं की दिसत नाही. आधी काठीने ढोसायचं, मग पहारीने चिरा आपल्या दिशेला उचलायचा, म्हणजे खाली काही असलं तर त्याला पलीकडे जायला वाट राहते. दंश झालाच तर चिरणं, घट्ट आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी, आणि सरळ सरकारी रुग्णालय. फुरशाच्या विषावर तिथे लस असते. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचवाने दगावणारी माणसं खूप कमी झाली, पण त्यासाठी वेळेत पोचावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते घरात सगळ्यांना विचारून घ्या, कारण गंजकी तार लागणारच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाचे दिवस असतात.

वईवर पडलेलं झाड तोडताना ते कोणतं आहे ते बघा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ यांच्यासाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. उभं पण कललेलं झाड तोडायचं किंवा लाकूड गाडीत घालून हलवायचं तर आधी वनखात्याला विचारा. खाडीकडेला घर असेल तर खांबांसाठी कांदळवनाकडे बघायचंसुद्धा नाही.

नवीन वई उभी राहीपर्यंत पंधरा दिवस ते महिना जातो. तोवर मोकाट गुरं, रानडुकरं आणि वाटेवरचे डोळे यांना काहीतरी आड हवं. जुन्या साड्या सगळेच लावतात. पण साडी भिजली की जड होते आणि वाऱ्यात दोरीसकट जाते. हर्णैसारख्या बंदरात टाकाऊ झालेली मासेमारीची जाळी मिळतात. ती दुहेरी करून बांधायची, आणि न्हाणीपुरत्या भागात त्यात झावळ्या खोचायच्या. गुरं अडतात, नजर बरीचशी अडते आणि वारा आरपार जातो.

आरपार जाण्याचं इतकं का, तर आमची वई दोनदा पडली ती वारा अडवल्यामुळेच. दहा फूट लांब आणि सहा फूट उंच पत्र्याचा एक गाळा धरा. ताशी ११० किलोमीटरचा वारा त्यावर समोरून आला तर दाब तीनशे किलोच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हे सगळं ओझं दोन खांबांच्या मुळाशी येतं. होडीला शीड लावतात ते वाऱ्याने ओढून न्यावं म्हणून. आपण परसात शीडच उभं करतो आणि ते जागेवर राहावं अशी अपेक्षा धरतो. आपल्याला नजर अडवायची आहे, वारा नाही.

वाडवडिलांच्या जुन्या वया कशाच्या होत्या? पोफळीच्या रिपा (लांब पट्ट्या), मेढी (खांब) आणि सुंभ (काथ्याची दोरी). त्यातलीच एक जुळणी मी आता करतो. आडव्या वाशांच्या दोन्ही बाजूंना उभ्या रिपा एकाआड एक मारायच्या. आतल्या बाजूला जिथे फट, तिथे बाहेरच्या बाजूला रीप. समोरून बघणाऱ्याला भिंत दिसते, वारा मात्र दोन रिपांच्या मधून वळून निघून जातो. तिरकं उभं राहून कोणी डोकावलं तर चिंचोळी पट्टी दिसते, तेवढं चालतं. न्हाणीसमोर तेवढंही नको असेल तर तिथे आतून झाप (विणलेली झावळी) लावा, पण तो सुंभाच्या कच्च्या गाठीने. मोठा वारा आला तर झाप सुटून जावा आणि वई राहावी.

हिशेब असा. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच. रीप तीन इंच आणि फट दोन इंच धरली तर एका बाजूला ९६ रिपा, दोन्ही बाजूंच्या मिळून १९२. तुटफूट धरून २१० चिरून ठेवा. यासाठी बाजारात जावं लागत नाही, कारण वादळाने पोफळी पाडलेल्याच असतात. जून झालेल्या पोफळीचा बुंधा उभा फाडायचा, आतला भुसभुशीत गाभा कोयत्याने खरवडून टाकायचा आणि रिपा पडवीत उभ्या करून वाळवायच्या. गाभा राहिला की भुंगा लागतो. माडाच्या खालच्या भागाचं लाकूड कठीण असतं, त्याचे आडवे वासे चांगले होतात, मात्र तो जमिनीत पुरू नका. आणि उरलेले बुंधे वईच्या कडेला रचून ठेवायचा मोह टाळा. कुजणाऱ्या माडात गेंडा भुंगा वाढतो आणि तो वादळातून वाचलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. फाडून जाळायला घ्या, नाहीतर आगरातून हलवा.

बांबू वापरणार असाल तर कोवळा नको, तीन वर्षांच्या पुढचा हवा. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातलं सत्त्व निघून जातं आणि किडा कमी लागतो. अंधाऱ्या पक्षात तोडावा असं आमच्याकडे सांगतात, मीही तसंच करतो, पण माझा भरवसा पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पाण्यावर जास्त.

उभे राहिलेले जुने खांब चांगले दिसतात म्हणून ठेवू नका, तपासा. जमीन आणि खांब जिथे भेटतात तिथली माती चार बोटं उकरा आणि पेचकस टोचा. आमच्या कोपऱ्यातल्या खांबाला वर नुकताच रंग दिला होता. खाली पेचकस लोण्यात जावा तसा दोन बोटं आत गेला आणि बाहेर आला तो ओल्या भुशाचा आंबट वास घेऊन. लोखंडी खांबाचंही तिथेच कुजतं, फक्त तिथे पापुद्रे सुटतात. हातोडीने ठोका. खणखणीत वाजला तर ठेवा, बद्द वाजला तर काढा.

आठ फुटांवर एक खांब धरला तर चाळीस फुटांना सहा खांब लागतात. सहा फूट वर हवी तर कातळात किंवा घट्ट मातीत अडीच फूट खाली, म्हणजे साडेआठ फुटी खांब. पुळणीत (वाळूच्या जमिनीत) तीन फूट खाली आणि खड्डाही रुंद, म्हणजे नऊ फुटी. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी या मापाचं काँक्रीट धरलं तर फूटभर रुंदीच्या सहा गोल खड्ड्यांना सिमेंटची दोन पोती होतात, पुळणीतल्या सव्वा फुटी खड्ड्यांना चार. वाळू समुद्रावरची आणायची नाही. एकतर तो गुन्हा, आणि त्यातल्या मिठाने आतली सळई फुगून दोन-चार वर्षांत खांब उभा चिरतो. काँक्रीट जमिनीच्या थोडं वर काढून चारही बाजूंना उतार द्या. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बुडाशी पाणी साचलं की लाकडी खांब गेलाच. किमान आठवडाभर खांबांवर काही चढवायचं नाही. गडी निघून जातील म्हणून घाई होते, पण तेवढे दिवस रिपा चिरण्यात घालवा.

लाकडी खांबांच्या बुडाला पूर्वी काजूच्या टरफलांचं तेल लावत, होड्यांनाही तेच. ते हाताला लागलं तर कातडी भाजते, म्हणून मोजे हवेत. गॅरेजमधलं काळं ऑइल स्वस्त पडतं खरं, पण आमची विहीर वईपासून पाच पावलांवर आहे, त्यामुळे ते आमच्या यादीत नाही.

हत्यारांचं सांगतो. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. ड्रिल मशीन कोपऱ्यात पडून होतं आणि वेल्डर हात हलवत बसला होता. म्हणून हातकरवत, गिरमिट, पहार, टिकाव, कोयता, पकड, ओळंबा हे आधीच काढून धार लावून ठेवा. लाकूड कापायची पेट्रोलची करवत गावात एकाकडेच असते आणि तिला नंबर लागतात. रोख पैसे घरात हवेत, एटीएमही विजेवरच चालतं. खिळे आणि तार जस्ताचा जाड थर दिलेली घ्या. साध्या तारेची गाठ खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत हातात तुटून येते. सुंभ घेतलात तर बांधण्याआधी रात्रभर भिजवा, कोरडा काथ्या वळताना तुटतो.

गडगा ढासळला असेल तर चिरे सरळ जागेवर टाकत जाऊ नका. मोठे एका बाजूला, खांडकं एका बाजूला अशी निवड करा. बुडाला रुंद, वर निमुळता, आणि उताराच्या बाजूला पाणी जायला मोरी. सिमेंट भरून पक्का करायची हौस अनेकांना येते. पाण्याला वाट ठेवली नाही तर पहिल्याच आषाढात तो पोट काढून उभा राहतो आणि दुसऱ्या वर्षी पडतो.

पाऊस स्थिरावला की, मृगानंतर, वईच्या आतून गिरीपुष्पाच्या किंवा पांगाऱ्याच्या काठ्या लावा. मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फूट लांब, खालचं टोक तिरपं कापलेलं, साल न सोललेली, फूटभर खोल, हात-सव्वा हाताच्या अंतराने. दोन-तीन वर्षांत त्यांचाच आडोसा होतो. जोरात वारा आला तर वाकतात, पाला झडतो, पुन्हा फुटतात. गिरीपुष्पाचा पाला माडाच्या आळ्यात खत म्हणून जातो.

राहिलं बेडं, म्हणजे वईचं फाटक. ते सगळ्यात शेवटी करा, कारण तोवर माती, चिरे, खांब तिथूनच आत येणार. एरवीपेक्षा एक हात रुंद ठेवा. पुढच्या वेळी पडलेला माड ओढून काढताना गाडी आत यावी लागेल. आणि उरलेल्या आठ-दहा रिपा, तारेचं अर्धं वेटोळं, मूठभर खिळे पोत्यात बांधून माळ्यावर टाका. पोत्यावर खडूने "वई" असं लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी ते चुलीत घालतं. आमच्याकडे घातलं.