इंग्लंडमधल्या यॉर्कला निघताय? दुर्बीण घेतलीत का?

पासपोर्ट, व्हिसा, प्लगचा अडॅप्टर हे सांगायला नकोच. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने दोनेक तास लागतात. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण ते बहुधा त्याच गाडीपुरतं असतं. ती चुकली की पुन्हा खिसा रिकामा.

आता दुर्बीण. पक्षी बघायची असो की नाटकाची, छोटी असली तरी चालेल, पण न्या. मी गेल्या खेपेला नेली नव्हती. यॉर्क मिन्स्टर या तिथल्या भव्य चर्चच्या पूर्वेकडच्या, रंगीत काचांच्या भल्याथोरल्या खिडकीखाली मान दुखेपर्यंत उभी राहिले आणि रंगीत ठिपके बघून परत आले. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने ही खिडकी १४०५ ते १४०८ या काळात केली, मोबदला ५६ पौंड. आकार जवळजवळ टेनिस कोर्टाएवढा. सृष्टीच्या जन्मापासून जगाच्या अंतापर्यंतची बायबलमधली गोष्ट त्यात चौकटी-चौकटींनी रंगवलीय. अगदी वरच्या टोकाला देव उघडं पुस्तक धरून बसलाय आणि त्या पुस्तकावर चक्क लॅटिन अक्षरं आहेत. नुसत्या डोळ्यांना ती वाचता येणं शक्यच नाही. मोबाइलवर झूम करू म्हणाल, तर काच नुसती भगभगते. दुर्बीणच हवी.

दक्षिणेकडच्या भागातही दुर्बीण काढा. १९८४च्या जुलैत तिथलं छप्पर जळालं. नवं बांधताना बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमाने स्पर्धा घेतली, आणि मुलांनी काढलेल्या सहा चित्रांवरून छताला लावायच्या लाकडी गोल नक्ष्या कोरल्या. त्यातल्या एकीत चंद्रावर उतरलेला माणूस आहे. तेराव्या शतकातल्या भिंतींच्या वर चांद्रवीर! बहुतेक लोक त्याच्याखालून सरळ निघून जातात, कारण त्यांच्याकडे काय नसतं ते सांगायला हवं का?

मिन्स्टरच्या मनोऱ्याचं तिकीट वेगळं, वेळ ठरलेली, पायऱ्या २७५, जिना अरुंद आणि गोल. गुडघे कुरकुरत असतील तर मोह टाळा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, त्यामुळे बघायला दुपारनंतरच जा. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला पैसे पडत नाहीत आणि गायन ऐकण्यासारखं असतं, पण तेव्हा दुर्बीण पिशवीत. तिथे लोक देवासाठी आलेले असतात.

योर्विक या व्हायकिंग संग्रहालयाची वेळ घरूनच बुक करा. तिथे त्या काळच्या गावाचा वासही मुद्दाम सोडतात, तेव्हा जेवून लगेच आत शिरू नका. आणि हो, तिथे नवव्या शतकातल्या माणसाची अश्मीभूत विष्ठा काचेच्या पेटीत ठेवलीय. बरोबरच्या ज्येष्ठांना आधी कल्पना द्या, नाहीतर बाहेर आल्यावर तुमचाच उद्धार होईल.

क्लिफर्ड्‌स टॉवर या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर चढण्याआधी पायथ्याची पाटी वाचा. ११९० मध्ये इथे आसऱ्याला आलेल्या ज्यूंचा अंत झाला. वर जाऊन दात काढून सेल्फी घेण्याची ही जागा नव्हे.

शहराच्या तटावरून फुकट चालता येतं, पण अंधार पडायच्या सुमारास दारं बंद होतात. डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो, म्हणून तट सकाळी उरका. आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

बाकी भराभर. रेल्वे संग्रहालय फुकट आहे, १९३८ साली ताशी १२६ मैल धावलेलं मॅलार्ड इंजिन तिथलंच. शॅम्बल्स या जुन्या अरुंद गल्लीत सुटकेस ओढत जाऊ नका. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं, आणि ते अनेकदा गोमांसाच्या चरबीत भाजतात, वरचा रस्साही मांसाचाच. शाकाहारी असाल तर विचारूनच मागवा.