इंप्रेशनिस्ट चित्र आणि शिल्प ओळखायचं कसं?

इंप्रेशनिस्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधे त्या क्षणाचा उजेड आणि रंग पकडू बघणारे चित्रकार. सगळ्यात आधी, चित्रात काय काढलंय ते जरा बाजूला ठेवा आणि उजेड कुठल्या वेळेचा आहे ते बघा. त्यांच्यातल्या क्लोद मोनेचं 'इंप्रेशन, सनराइज' घ्या, १८७२ चं, फ्रान्सच्या ल आव्र बंदरातली सकाळ. १८७४ ला पॅरिसमधे ते प्रदर्शनात लागलं, एका टीकाकाराने त्या नावावरून टिंगल केली आणि तेच नाव अख्ख्या गटाला चिकटलं. आता मोबाइलवर त्याचा फोटो उघडून ब्लॅक अँड व्हाइट करा... सूर्य जवळजवळ गायब! कारण तो भगवा गोळा आजूबाजूच्या करड्या आभाळापेक्षा उजळ नाहीचे मुळी, फक्त रंग वेगळा, म्हणून तो डोळ्यांना लुकलुकल्यासारखा वाटतो.

मग सावल्या. मोनेच्याच 'द मॅगपाय'मधे बर्फावर कुंपणाची सावली पडलीय ती निळसर जांभळट आहे, काळी नाही.

मग झूम करा. रंग घोटून गुळगुळीत केलेला नसतो, फटकारे शेजारी शेजारी तसेच सोडलेले असतात. १८६९ मधे मोने आणि त्याचा चित्रकार मित्र रन्वार यांनी शेजारी शेजारी बसून ला ग्रेनुयेरला (पॅरिसजवळ सेन नदीवरची पोहायला जायची जागा) जी चित्रं काढली त्यात पाणी म्हणजे नुसते आडवे जाड पट्टे आहेत, लांबून बघितलं की हलायला लागतं. पण सगळेच बाहेर उन्हात बसून काढायचे असं समजू नका, याच गटातला देगा स्टुडिओवाला माणूस, त्याच्याकडे फ्रेमच्या कडेला अर्धवट कापलेली माणसं शोधा.

शिल्पात खरी गंमत आहे, कारण तिथे बहुतेक वेळा रंगच नाही, म्हणून मग पृष्ठभाग बघायचा. फ्रेंच शिल्पकार रोदँ त्या गटातला नव्हता, तरी १८८९ ला मोने आणि त्याचं एकत्र प्रदर्शन झालेलं, आणि त्याच्या ब्राँझवरचे खड्डे-उंचवटे उजेड पकडायचंच काम करतात. माझ्या मते खरा इंप्रेशनिस्ट शिल्पकार मात्र इटलीचा मेदार्दो रोस्सो. त्याचं 'एच्चे पुएर' हे शिल्प बघा, पोराचा चेहरा पातळ पडद्याआडून दिसावा तसा, नाक-डोळ्यांच्या कडा विरघळलेल्या. देगाची १८८१ ची छोटी नर्तकी तर मेणाची, वर खरा कापडी स्कर्ट आणि केसांना खरी रिबन! म्युझियममधे बहुतेक ठिकाणी दिसते ती ब्राँझची, तो गेल्यावर ओतलेली, मेणाची मूळ वॉशिंग्टनला आहे. आणि शिल्पाचा एकच फोटो बघून मत बनवू नका, लाइट दुसऱ्या बाजूने असलेला अजून एक शोधा, चेहरा बदललेला दिसेल.