टोकियोत इंग्लिश मिस्सा कशी शोधली (माझा अनुभव)
आम्ही बेळगावचे, कॅम्पात राहतो. लेक जॉबसाठी टोकियोला गेली आणि तीन रविवार मिस्साच (आम्हा कॅथोलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) नाही, माझ्या बायकोनं तर घरी डोकं खाऊन सोडलं. लेकीनं मॅपवर नुसतं 'चर्च' टाकलेलं, मग लग्नाच्या हॉलवाले शोभेचे चॅपल पण त्यातच येत होते की ओ! एकात आत जाऊन आली बिचारी.

मग मी इथं बसून शोधलं. जपानीत मिस्साला 'मिसा'च म्हणतात, मूळ लॅटिन 'मिस्सा', आपलाच शब्द! 'कातोरिक्कु क्योकाई' म्हणजे कॅथोलिक चर्च आणि 'एइगो' म्हणजे इंग्लिश. हे जपानी लिपीत टाकलं की लगेच सापडलं, योत्सुयाला सोफिया युनिव्हर्सिटीला लागून सेंट इग्नेशियस चर्च, तिथं रविवारी दुपारी 12 ला इंग्लिश मिस्सा असते, शिवाय रोप्पोंगीत फ्रान्सिस्कन चॅपल सेंटर आहे, ते तर इंग्लिशवाल्यांचंच पॅरिश (म्हणजे त्यांची स्वतःची चर्च-मंडळी). वेळ मात्र चर्चच्याच साइटवर बघा, मॅपवरची चुकते, सणाला तर हमखास.

तिथले 12 म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. आता मिस्सा सुटली की तिचा फोन येतो, आम्ही नाष्ट्याला बसलेले असतो.