रोड बाइकचं हँडल वर घेताना या चुका टाळा

मान, पाठ आखडते म्हणून हँडल वर घ्यायचं ठरलं की ॲलन की (षटकोनी चावी) पहिल्यांदा जाते ती टॉप कॅपच्या, म्हणजे हँडलमागच्या वरच्या गोल झाकणाच्या बोल्टकडे. घोळ इथेच होतो. हा बोल्ट हँडलला धरून ठेवत नाही. तो फक्त हेडसेटच्या (हँडल ज्यावर वळतं त्या सांध्याच्या) बेअरिंगवर बेताचा दाब देतो. हँडलला धरतात ते स्टेमच्या (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) मागचे दोन आडवे बोल्ट. ते घट्ट असताना टॉप कॅप कितीही आवळली तरी प्ले (सांध्यातला ढिलेपणा) जात नाही, उलट स्टीअरर ट्यूबमधला, म्हणजे फोर्कच्या वर जाणाऱ्या नळीतला, स्टार नट (कॅपचा बोल्ट ज्यात बसतो तो) वर उपसला जातो.

पुढचं चाक जमिनीवर टेकवूनच काम करा, नाहीतर फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) खाली निसटतो. आडवे बोल्ट सैल करा, कॅप काढा, स्टेम उचला आणि त्याच्या वरचे स्पेसर (उंची भरणाऱ्या कड्या) खाली घाला. एकही स्पेसर बाहेर ठेवू नका. स्टीअरर ट्यूब स्टेम किंवा स्पेसरच्या सर्वांत वरच्या कडेपेक्षा 2–3 मिमी खाली राहिली पाहिजे. बरोबरीत आली तर कॅप ट्यूबवरच टेकते आणि बेअरिंग ढिलंच राहतं.

आता आधी कॅप हलकेच आवळा, स्टेम चाकाच्या रेषेत आणा, मग आडवे बोल्ट आळीपाळीने. बहुतेक स्टेमना 5–6 न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, पण स्टेमवर छापलेला आकडाच खरा. कार्बन ट्यूब असेल तर टॉर्क रेंचशिवाय (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू नका. आतली चीर बाहेरून दिसत नाही. खाली किती स्पेसर चालतात तेही कंपनीच्या सूचनांत पाहा.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटपाशी टकटक जाणवली तर प्ले आहे. चाक उचलल्यावर हँडल अडखळत वळलं तर कॅप जास्त आवळली आहे. दोन्ही वेळा आडवे बोल्ट पुन्हा सैल करूनच कॅपला हात लावा.

वर स्पेसर उरलेच नसतील तर स्टेम उलटा करा. 6 अंशांचा 100 मिमी स्टेम उलटल्यावर हँडल सुमारे 20 मिमी वर येतं. फेसप्लेटची (हँडलला समोरून धरणाऱ्या स्टेमच्या पट्टीची) फट वरखाली सारखी ठेवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाहीत ना, तेही बघा.

जुन्या क्विल स्टेमवर (ज्याची दांडी नळीच्या आत जाते त्यावर) कमाल उंचीची खूण असते. ती बाहेर दिसू लागली की स्टेम मोडण्याचा धोका असतो.

एका वेळी 5 मिमीच बदला, दोन-तीन राइड करा. हात बधिर होत असतील तर आधी सीटचं नाक खाली झुकलंय का ते तपासा. तसं असेल तर अंगाचा भार हातांवर येतो आणि हँडल वर घेऊनही तो पुरता हटत नाही.